करमण्याचा आकडा

मुलाला परदेशी शिकायला पाठवणाऱ्या आईबापांचे प्रश्न ठरलेले असतात. विद्यापीठ नावाजलेलं आहे का, शिक्षण संपल्यावर तिथे नोकरी करू देतात का, आणि मावशीचा मुलगा जिथे गेला त्यापेक्षा हे वरचं की खालचं. विदुला देवरे वीस वर्षं नाशिकच्या कॉलेज रोडवर बसून या प्रश्नांना उत्तरं देत आली होती. तिसऱ्याचं उत्तर ती सगळ्यात आधी देऊन टाकी, कारण ते मिळाल्याशिवाय पालकांचं बाकी कशातच लक्ष लागत नाही, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

प्रवीण आहेरांनी यातलं काहीच विचारलं नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा लेथवर सुटे भाग करायचा छोटा कारखाना होता. बायको जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, घरात ते आणि बारावीतली कृत्तिका एवढी दोनच माणसं. कृत्तिकेला बर्फाचा अभ्यास करायचा होता. जिने आजवर फ्रीजबाहेर बर्फ पाहिला नव्हता, तिच्या डोक्यात हे कुठून आलं, ते बापालाही माहीत नव्हतं. पण मुलगी हुशार होती आणि नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या एका विद्यापीठाने तिला जागा देऊ केली होती. हिवाळ्यात तिथे दोन महिने सूर्य उगवत नाही, हे वाचल्यापासून आहेरांची झोप उडाली होती.

"मॅडम, मला त्या क्रमवारीतलं काय कळत नाही," ते म्हणाले. "करमंल का तिला तिकडं, एवढंच सांगा."

विदुलाने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत शहाण्णव हा आकडा होता. "शंभरात शहाण्णव," ती म्हणाली. "इतका वरचा आकडा मीही क्वचित पाहिलाय." आहेरांनी मान डोलावली, आणि मग पडद्यामागे अजून काही लिहिलंय का हे पाहावं तसे ते जरा वाकून बघत राहिले.

या आकड्याचं कंपनीने ठेवलेलं नाव समाधानांक असं भारदस्त होतं. नाशिककरांनी त्याचं करमण्याचा आकडा करून टाकलं, आणि खरं तर तेच नाव अचूक होतं. जेव्हा यंत्रं निबंध लिहू लागली तेव्हा परदेशी विद्यापीठांनी निबंध मागणंच सोडून दिलं. गुणपत्रिका सगळ्यांच्याच चांगल्या असत. विद्यापीठांची खरी डोकेदुखी वेगळीच होती. लांबून आलेली मुलं एक-दोन वर्षांत कोमेजून अर्ध्यावर परत जात. तेव्हा 'चाहूल' नावाचं हे यंत्र आलं. विद्यार्थ्याने सहा आठवडे त्याच्याशी रोज गप्पा मारायच्या. त्यातून यंत्र त्याची एक प्रतिकृती तयार करी, म्हणजे तो कशावर चिडतो, कशाने गप्प होतो, कुणाशी पटवून घेतो याचा एक चालता-बोलता हिशेब. मग ती प्रतिकृती प्रत्येक विद्यापीठात चार वर्षं राहून बघे. एकदा नव्हे, हजारो वेळा. कधी खोलीतली सोबतीण चांगली, कधी खडूस. कधी परीक्षा सोपी, कधी नापास. सरतेशेवटी सगळ्याची गोळाबेरीज म्हणून एक आकडा बाहेर पडे. पुढे पुढे ऐंशीच्या खाली आकडा असलेल्या मुलाला काही विद्यापीठं दारातही उभी करीनाशी झाली.

कोणत्या प्रसंगात कोण कसं राहील, हे यंत्राला कुठून कळे? आधी जाऊन आलेल्या लाखो विद्यार्थ्यांकडून. त्यांनी घरच्यांशी फोनवर केलेल्या गप्पा कंपनीकडे असत. विम्यात सवलत मिळते म्हणून सगळेच डोळे झाकून संमती देत. मात्र कायद्याने माणसाच्या शरीराची माहिती विकायला बंदी घातली होती. नाडी, झोप आणि आवाजसुद्धा शरीरात मोडत होते. म्हणून यंत्राला मिळत ते निव्वळ शब्द, कागदावर उतरवलेले.

आहेर गाडी काढायला खाली गेले तशी कृत्तिका मागे रेंगाळली. मागे राहणाऱ्या माणसाचा आकडा हे यंत्र काढतं का, असं तिने विचारलं. विदुला हसली. पालकांना कुणी प्रवेश देत नाही, म्हणून त्यांचा आकडा कुणी मागत नाही, असं ती म्हणाली. कृत्तिका काही हसली नाही. आपण सहलीला गेलो तरी बाबा जेवत नाहीत आणि विचारलं की जेवलो म्हणतात, एवढं सांगून ती जिना उतरून गेली. विद्यापीठाला होकार कळवायला शुक्रवारपर्यंत मुदत होती.

विदुलाला तो प्रश्न पुढे दिवसभर चावत राहिला. त्याला कारण होतं.

तिचा मुलगा शार्दूल सहा वर्षांपूर्वी कॅनडात हॅलिफॅक्सला गेला होता. 'चाहूल' नुकतं आलं होतं, आणि तिने पहिल्यांदा ज्यांचे आकडे काढले त्यांत तोही होता. चौऱ्याण्णव. नवरा त्याआधीच वेगळा होऊन पुण्यात दुसरा संसार थाटून बसला होता. मुलगा गेल्यावर घर खायला उठेल हे तिला दिसत होतं. पण चौऱ्याण्णवचा आकडा समोर असताना, आई म्हणून तिने दुसरं काय करायचं होतं? शिक्षण संपलं आणि तो तिथेच नोकरीला लागला.

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येई. तिकडे तेव्हा सकाळ असे. या रविवारीही आला. जेवण झालं का, तब्येत काय म्हणते, थंडी किती आहे हे झालं. मग त्याने ती कशी आहे असं विचारलं, आणि ती नेहमीप्रमाणे मजेत असल्याचं म्हणाली. भिशीला जाऊन आले, गाण्याच्या क्लासला नवीन राग घेतलाय, काल थालीपीठं केली होती, शेजारच्या काकूंनाही दिली. तोही मजेत होता. दोघांनी एकमेकांना काळजी घ्यायला सांगितली आणि फोन ठेवला.

गाण्याचा क्लास तिने दुसऱ्याच आठवड्यात सोडला होता. भिशी मोडून वर्ष होत आलं होतं, कारण भिशीतल्या अर्ध्या बायका मुलांकडे कुणी सिडनीला, कुणी ड्रेस्डेनला निघून गेल्या होत्या. आणि त्यांची मुलं तिकडे धाडली होती कुणी? विदुलानेच. तिच्या इमारतीत बहुतेक घरांत आता एकेक, फार तर दोन म्हातारी माणसं राहत होती. दूधवाला मोठ्या पिशव्या आणायचाच बंद झाला होता. शेजारच्या काकूंच्या दाराला दिवाळीपासून कुलूप होतं. आपल्याच हाताने आपण हे अख्खं आवार रिकामं केलं, असं तिला कधीकधी जिना चढताना वाटे, आणि मग ती भराभर पायऱ्या चढे. त्या रविवारी ती ओट्याशी उभ्यानेच दहीभात खाऊन झोपली.

मंगळवारी ती दाढ दाखवायला दंतवैद्याकडे गेली. बाहेरच्या बाकावर चेहऱ्याला पूर्ण स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी बसली होती. दवाखान्यातल्या बाईंनी हाक मारली, "ऋतुजा पगार." विदुलाने चमकून मान वर केली. ऋतुजाला दोन वर्षांपूर्वी तिनेच आयर्लंडला पाठवलं होतं. आकडा त्र्याण्णव. दिवाळीत तिची आई बाजारात भेटली तेव्हा पोरगी तिकडे मजेत असल्याचं सांगत होती, पुढच्या वर्षी आम्ही दोघं फिरून येणार म्हणत होती.

मुलगी उठली ती विदुलाला पाहून आत जायच्याऐवजी दाराकडे निघाली. विदुलाने तिचा हात धरला आणि तिला दवाखान्यामागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे स्कार्फ सोडून ऋतुजा हळूहळू बोलू लागली. पहिल्या सत्रातच तिचं वर्गात जाणं सुटलं होतं. आठ महिने ती खोलीत बसून होती. आंघोळ करायचंही सुचत नसे. आईला मात्र रोज न चुकता फोन. जेवले, वरणभात लावला होता, मैत्रिणी आल्यात, नंतर बोलते. शेवटी विद्यापीठानेच नाव काढलं तेव्हा ती परत आली. आईवडिलांनी तिला आधी देवळ्याला मामाकडे ठेवलं, आता मागच्या खोलीत. गल्लीत अजून ती आयर्लंडलाच आहे.

"सांगितलं का नाहीस ग कुणाला?" विदुलाने विचारलं.

"काय सांगणार, मॅम? आई इथून काय करणार होती, नुसती रडली असती," ऋतुजा म्हणाली. "आणि आकडा त्र्याण्णव होता ना. मला वाटायचं, यंत्राचं बरोबर आहे, माझ्यातच काहीतरी खोट आहे."

विदुला दाढ न दाखवताच घरी आली.

आता हे कळायला काही शास्त्रज्ञ असायला नको. दुकानदाराच्या तराजूचा काटा आधीच सरकलेला असेल, तर त्यावर हजार वेळा वजन करून सरासरी काढली तरी ती चुकीचीच येणार. यंत्र काय शिकलं होतं? मुलं घरी जे बोलतात ते. आणि मराठी घरातलं मूल सातासमुद्रापलीकडून फोनवर काय बोलतं? जेवलो. झोप झाली. सगळं छान आहे, तू काळजी करू नकोस. ताप एकशेतीन असला तरी हेच. यात कुणाला आपण खोटं बोलतोय असं वाटतही नाही. आईला घोर लावायचा नाही, ही त्यांना लहानपणापासून मिळालेली शिकवण. ऋतुजाचे ते आठ महिनेसुद्धा यंत्राच्या पोटात आनंदाचे म्हणून जमा झाले होते, आणि त्यातूनच कृत्तिकेचे शहाण्णव तयार झाले होते.

बुधवारी तिने कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा अतिशय विनयशील होता. आमचे अंदाज शंभरात एक्याण्णव वेळा खरे ठरतात, असं त्याने सांगितलं. खरे ठरतात म्हणजे कशाशी ताडून पाहता, असं तिने विचारलं. विद्यार्थी पुढे घरी जे बोलतात त्याच्याशी, असं उत्तर आलं. म्हणजे चोराला चोराचीच साक्ष. विदुलाने त्याला ऋतुजाबद्दल नाव न घेता सांगितलं आणि मराठी मुलांचे आकडे वेगळे काढून बघायची विनंती केली. त्याने लगेच बघितलेही.

"मॅडम, तुमच्याकडच्या मुलांचे आकडे जगात सगळ्यात वरचे येतात," तो कौतुकाने म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुमच्या लोकांना कुठेही करमतं."

तिला हसावं की रडावं कळेना. तक्रार नोंदवली आहे, पुढच्या आवृत्तीत विचार होईल, असं म्हणून त्याने तिचा दिवस चांगला जावो अशी इच्छा व्यक्त केली.

पुढची आवृत्ती येईल तेव्हा येईल. कृत्तिकेला शुक्रवारी उत्तर हवं होतं. आणि त्या उत्तराच्या आड विदुलाचं स्वतःचं एक उत्तर अडकलं होतं. शार्दूलचे चौऱ्याण्णवही याच तराजूतले. सहा वर्षं तो दर रविवारी मजेत होता. तोही अंधाऱ्या खोलीत बसून तिला बर्फाचं कौतुक ऐकवत असेल तर? आपण आपल्या पोराला आकडा बघून विहिरीत ढकललं असेल तर? बुधवारी तिने कामात लक्ष घालायचा प्रयत्न केला आणि संध्याकाळी लवकर दुकान बंद केलं. ऑफिसला ती दुकानच म्हणत असे.

गुरुवारी दुपारी तिने ते केलं. तिच्याकडे एक स्वरमापक होतं. माणसाच्या मेंदूतून निघून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी एक लांब नस वाटेत गळ्यालाही एक फांदी देते. त्यामुळे जिवाला घोर लागला की स्वरयंत्राचे तंतू नकळत आवळतात, आवाजात कानाला न कळणारी थरथर येते, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली उसंत किंचित लांबते. शब्दांवर माणसाचा ताबा असतो, या थरथरीवर नसतो. डॉक्टर मंडळी नैराश्य ओळखायला हे स्वरमापक वापरत. विदुला ते मुलाखतीच्या सरावाला वापरी, कुठल्या प्रश्नाला मूल घाबरतं ते कळायला. शब्द आणि आवाज दोन्ही हाताशी असलेलं मूल तिच्याकडे एकच होतं. सहा वर्षांचे ध्वनिमुद्रित झालेले रविवारचे फोन तिने कधी पुसले नव्हते, एखाद्या रिकाम्या दुपारी लावून ऐकायला बरे म्हणून. मुलाला न विचारता त्याच्या खिशात हात घालावा तसं तिला वाटलं. तरी तिने ते सगळे स्वरमापकात सोडले.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या, कारण फोनवर माणसं दोन होती. रेघ जितकी वर, तितकं मन निवांत. निळी शार्दूलची. पहिल्या वर्षी ती खाली खाली गेली होती. 'आई, काय मस्त बर्फ पडतोय' असं तो म्हणाला होता त्या जानेवारीत तर ती पार तळाला होती. पण दुसऱ्या वर्षी रेघ वर चढू लागली, पुढच्या वर्षी आणखी, आणि गेली दोन-तीन वर्षं ती वरच्या अंगाला शांतपणे चालली होती. तो मजेत आहे म्हणत होता तेव्हा मजेत होता. पोरगं सुखात होतं. विदुला टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला भूक लागली.

चहा करून आणल्यावर तिने दुसरी रेघ पाहिली. केशरी रंगाची. सुरुवातीला बरी होती, मग वर्षागणिक उतरत गेली होती. डॉक्टरांनी आखलेली धोक्याची खूण ओलांडून तिला वर्षाच्या वर झालं होतं. खाली यंत्राने कोरडेपणाने लिहिलं होतं की दुसऱ्या व्यक्तीने लवकरात लवकर वैद्यकीय सल्ला घ्यावा. रंगांची अदलाबदल झाली असेल असं तिला आधी वाटलं. तिने पुन्हा तपासलं. अदलाबदल झाली नव्हती.

आणि निळ्या रेघेत एक गंमत होती, तिला गंमत म्हणायचं असेल तर. अलीकडच्या प्रत्येक रविवारी ती एकदा, एकाच जागी, खड्ड्यात पडून परत वर येत होती. विदुलाने ती जागा लावून ऐकली. शार्दूल विचारत होता, तू कशी आहेस. ती म्हणत होती, मी मजेत. आणि तिच्या उत्तरानंतर 'अरे वा' म्हणताना त्याचा आवाज आवळत होता. तिने पुढचा रविवार लावला, त्याच्या पुढचा लावला. भिशी, थालीपीठं, नवीन राग. अरे वा. त्याने त्यातला एक शब्दही खरा मानला नव्हता. आईला खोटं पाडायचं नाही म्हणून तो दर आठवड्याला तिचं ऐकून घेत होता आणि फोन ठेवल्यावर ते ओझं घेऊन आपल्या कामाला लागत होता.

शुक्रवारी आहेर बापलेक आले तेव्हा विदुलाने आधी पडदाच बंद केला. हा आकडा खोटा आहे, असं तिने सांगितलं. का खोटा आहे तेही सांगितलं. मुलं घरी काय बोलतात आणि यंत्र काय समजतं, सगळं. आहेर खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी त्यांचा जुनाच प्रश्न पुन्हा विचारला, की मग करमंल का तिला.

"मला माहीत नाही," विदुला म्हणाली. वीस वर्षांत हे वाक्य तिने या खुर्चीत बसून उच्चारलं नव्हतं. "पहिल्या वर्षी बहुधा नाही करमणार. पुढे करमेलही. पण ती तुम्हाला खरं सांगेल की नाही, यावर सगळं आहे. आणि तुम्ही तिला."

मुलाखतीच्या सरावासाठी तिने ऑफिसात काचेच्या दोन खोल्या करून घेतल्या होत्या. एकीत तिने कृत्तिकेला बसवलं, दुसरीत आहेरांना, आणि आज आपण फोनचा सराव करायचा असं सांगितलं. नोव्हेंबर संपत आलाय, तिकडे आठवडा झाला सूर्य उगवलेला नाही, असं समजायचं. एकच अट. जे खरं नाही ते बोलायचं नाही. आहेरांना हा पोरखेळ वाटला असावा, पण मॅडम म्हणतात म्हणून ते बसले.

कृत्तिकेने बाबा जेवलात का असं विचारलं. आहेरांनी हो म्हटलं आणि तिला विचारलं. तीही हो म्हणाली. विदुलाने काचेवर टकटक केलं. पुन्हा सुरुवात झाली. या वेळी आहेर जेवले होते, कारखान्यात काम भरपूर होतं आणि तब्येत ठणठणीत होती. विदुलाने पुन्हा टकटक केलं. असं तीन-चारदा झालं. शेवटी आहेरांनी फोन एका कानावरून काढून दुसऱ्या कानाला लावला.

"नाही जेवलो," ते म्हणाले. "एकट्याला ताट वाढून घ्यायचं जीवावर येतं गं. तुझी आई गेल्यापासून तुला खायला पाहिजे म्हणून गॅस पेटवत होतो."

कृत्तिका रडायला लागली. मग मी नको जाऊ का, असं तिने कसंबसं विचारलं.

"जा," आहेर म्हणाले. "मी जेवलो नाही म्हटल्यावर तू थांबलीस, तर मला रोज जेवलोच म्हणावं लागंल."

विदुला दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळात उभी होती. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी ते वाक्य तिला लागलं. थोड्या वेळाने कृत्तिका डोळे पुसत बाहेर आली. आपल्यालाही भीती वाटते, आणि एवढ्या दिवसांत हे बाबांना एकदाही सांगितलं नव्हतं, असं ती म्हणाली. मग बापाच्या शेजारी बसून तिने विद्यापीठाला होकार कळवला. निघताना आहेरांनी विदुलाला हात जोडले.

रविवारी संध्याकाळी फोन आला. जेवण झालं, थंडी झाली. मग शार्दूलने विचारलं, "तू कशी आहेस?"

शब्द जिभेवर तयारच होते. ते मागे सारायला तिला वेळ लागला. "करमत नाही रे मला," ती म्हणाली. "बरेच दिवस झाले. भिशी केव्हाच मोडली. मी कुठे जात नाही, कुणी येत नाही. डॉक्टरकडे जाणार आहे. तू यावंस म्हणून नाही सांगत. तू तिकडे सुखात आहेस, ते मला कळलंय आणि फार बरं वाटलंय. फक्त खरं काय ते सांगितलं."

मग तो 'हं' म्हणाला. आणखी काहीतरी म्हणता म्हणता थांबला. शेवटी कुणीतरी दाराशी आलंय, मग करतो, असं पुटपुटून त्याने फोन ठेवला.

विदुला तशीच बसून राहिली. आपण काय करून बसलो, असं तिला झालं. भल्या पोराच्या रविवारच्या सकाळीत आपण उगाच माती कालवली. आहेरांची गोष्ट वेगळी, ते काचेच्या दोन बाजूंना होते, दार उघडून बाहेर येता येत होतं. इथे मधे अर्धी पृथ्वी होती. 'मग करतो' म्हणजे पुढच्या रविवारी, आणि त्या रविवारी तो बिचकत बिचकत बोलणार, तीही शब्द तोलून मापून बोलणार. होतं ते दहा मिनिटांचं खोटं बरं होतं, निदान दोघांना तोंडपाठ तरी होतं. सोमवारी तिने दुकान बंदच ठेवलं आणि फोनवर डॉक्टरांची वेळ घेतली. दिवसभरात तिचं कुणाशी बोलणं झालं ते तेवढंच.

मंगळवारी दुपारी ती भाताला फोडणी देत होती तेव्हा फोन वाजला. तिकडे पहाटही झाली नसणार. शार्दूल होता. आवाज झोप न झाल्यासारखा बसला होता.

"आई," तो म्हणाला, "काय बोलायचं ते अजून सुचलं नाहीये मला. पण रविवारपर्यंत थांबवेना."

तिने गॅस बंद केला आणि खाली जमिनीवरच बसली. तिलाही काही सुचत नव्हतं, आणि तसं तिने त्याला सांगितलं.

"मग नको बोलूस," तो म्हणाला. "मी आहे फोनवर."

नंतर बराच वेळ दोघंही काही बोलली नाहीत, आणि फोन कुणीच ठेवला नाही.